चाळीची दाटी, टॉवरची उंची

मंडळी, मुंबईतले टॉवर एवढे उंच का झाले असं विचारलं की ‘जागा कमी म्हणून’ हे उत्तर तयार असतं. ते अपुरं आहे. जागा 1950 सालीही कमीच होती. तरी 1878 मध्ये पूर्ण झालेला सुमारे 85 मीटरचा राजाबाई टॉवर कितीतरी दशकं शहरात सर्वांत उंच राहिला. आकाशरेषा बदलते ती बांधकामाचा नियम बदलला की. मरीन ड्राइव्हवर तो फारसा बदलला नाही, म्हणून तिथली पाच-सहा मजल्यांची सलग रांग अजून शाबूत आहे. नरिमन पॉइंटला भरावाच्या जमिनीवर जास्तीचं बांधकाम मंजूर झालं, म्हणून सत्तरच्या दशकात तिथे एक्स्प्रेस टॉवर्स, एअर इंडियाची 23 मजली इमारत असे ठोकळे एकाएकी उभे राहिले.

आता एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, तो आकडा. 1991 च्या नियमांत शहरात तो 1.33 आणि उपनगरात 1 होता. पण एफएसआय थेट उंची ठरवत नाही, हे नीट लक्षात घ्या. 1000 चौरस मीटरच्या प्लॉटवर एफएसआय 4 असेल तर बांधकाम 4000 चौरस मीटर. निम्म्या प्लॉटवर बांधलं तर आठ मजले, पंचमांश प्लॉटवर बांधलं तर वीस. प्लॉट जितका कमी व्यापाल तितकी इमारत वर जाते.

खरी मेख जुन्या मुंबईत आहे. गिरगाव, काळबादेवी, लालबाग इथल्या उपकरप्राप्त इमारतींचा, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाडेकरू इमारतींचा, पुनर्विकास विकास नियमावलीतल्या 33(7) या कलमाखाली होतो. तिथे एफएसआय 3, किंवा रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक त्याच्या किमान 50 टक्के प्रोत्साहन, म्हणजे बिल्डरला विकायला मिळणारं क्षेत्र, यांपैकी जास्त असेल ते मिळतं. याचा अर्थ काय? त्याच 1000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 80 भाडेकरू आहेत आणि प्रत्येकी 40 चौरस मीटर लागतात असं धरू. पुनर्वसन 3200, प्रोत्साहन 1600, एकूण 4800. त्यावर 35 टक्के फंजिबल, म्हणजे जादा मिळणारं क्षेत्र. झाले जवळजवळ 6500. भाडेकरू निम्मे असते तर हा आकडा बराच खाली आला असता. चाळ जितकी दाट, तितका तिच्या जागी येणारा टॉवर उंच. दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांमधून एकदम 40-50 मजले वर येताना दिसतात त्याचं कारण हे.

बरं, हे 6500 चौरस मीटर प्लॉटभर पसरता येत नाहीत. अग्निशमनाची गाडी फिरायला कडेनं रस्ता सोडावा लागतो, त्यामुळे मजल्याला 300 चौरस मीटरच उरतात. झाले 22 मजले. खाली मोटारींसाठी पोडियमचे सात मजले येतात, ते पार्किंग म्हणून एफएसआयमध्ये धरत नाहीत. पोडियमचे सुमारे 24 मीटर, वरचे सुमारे 68 मीटर, वर पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीनरूम. शंभर मीटरला पोचलोच की! आणि यातले पहिले 24 मीटर रस्त्याला फक्त जाळ्या दाखवतात. दुकानं, ओटे, गॅलऱ्या जाऊन रस्त्याकाठी अशी मुकी भिंत उभी राहणं हे शिखराच्या उंचीपेक्षा मला जास्त खुपतं. टॉवरवर ठरावीक अंतरानं दिसणारे उघडे पट्टे म्हणजे रेफ्युज, आग लागली तर थांबायची आसऱ्याची जागा. पहिला 24 मीटरच्या वर, मग साधारण दर सातव्या मजल्यावर.

गिरणगावाची गोष्ट वेगळी. 58 गिरण्या, सुमारे 600 एकर. 1991 च्या नियमात गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. 2001 मध्ये दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, शेड असलेल्या जमिनीची नाही. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी शेडच. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये ही दुरुस्ती कायम ठेवली आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले. मैदानं आणि कामगारांची घरं मिळायची होती ती फार थोडी मिळाली. शहराचं हे नुकसान कायमचं आहे.

सी लिंकवरून पाहिलंत तर वरळी-परळचे टॉवर उंच, वांद्र्यापासून उत्तरेला रेषा सपाट आणि गोरेगावच्या पुढे पुन्हा चढ दिसतो. मधला सपाट भाग विमानतळाचा. धावपट्टीभोवती 4 किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर ही मर्यादा असते, त्यापुढे 1:20 चढ, म्हणजे दोन किलोमीटरांत आणखी 100 मीटर. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण 11 मीटरवर, म्हणून मर्यादा 56. तुमची जमीन 6 मीटरवर असेल तर हातात 50 उरतात, आणि त्यात टाकी, मशीनरूम, तडितरक्षक, अँटेना सगळं धरायचं. हिशेब चुकतो तो इथेच. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत दाखल्यातली, म्हणजे एनओसीतली, उंची समुद्रसपाटीपासून असते आणि साइटवर ती जमिनीपासून मोजली जाते. मग वरचे भाग पाडायची वेळ येते. विमानतळाभोवतीच्या काही इमारतींबाबत 2022 मध्ये उच्च न्यायालयानं तसे आदेश दिले. श्रीनिवास मिलच्या जमिनीवरचा वर्ल्ड वन 442 मीटरचा आखला होता. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो 280 मीटरवर थांबला. आज आपण पाहतो तो मूळ आराखड्यातला तुकडा आहे.

काम चालू असलेला टॉवर लांबूनही वाचता येतो. लिफ्ट-जिन्याचा काँक्रीटचा गाभा स्लॅबच्या काही मजले पुढे चढलेला असेल आणि खाली काचा बसत येत असतील, तर काम वेगात आहे. मिवान शटरिंगनं, म्हणजे काँक्रीट ओतायच्या ॲल्युमिनियमच्या साच्यांनी, सगळं जुळलं तर, आठवड्या-दहा दिवसाला मजला पडतो. पावसाळ्यात वारा वाढला की क्रेन थांबवतात आणि तिचा ब्रेक सोडून देतात. आडवा हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरायला हवा, जखडून ठेवला तर सगळा भार खांबावर येतो. म्हणून वादळात आपोआप फिरणारी क्रेन पाहून घाबरू नका.

रखडलेला सांगाडा ओळखायचा तो माथ्यावरून. पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या उभ्या सळ्या तांबड्या पडलेल्या असतात. खाऱ्या हवेत उघडी सळई लवकर गंजते, म्हणून काम थांबवतानाच तिच्यावर सिमेंटची स्लरी किंवा गंजरोधक लेप द्यायला हवा. ते राहिलं तर पुन्हा सुरुवात करताना सळईचा व्यास मोजायचा, काँक्रीटचे कोअर, म्हणजे नळीसारखे नमुने, कापून तपासायचे आणि व्यास कमी भरला तिथे नव्या सळ्या भोक पाडून रसायनानं बसवायच्या. यात महिने जातात. वरळीचा पॅले रोयाल, सुमारे 320 मीटरचा, वर्षानुवर्षं असा अर्धवट सांगाडा म्हणूनच शहराला दिसत राहिला.

तुमच्या समोर उभा राहणारा टॉवर कुठवर जाणार, हे जाहिरातीवरून ठरवू नका. बांधकामाची परवानगी, सीसी, टप्प्याटप्प्यानं मिळते. आधी जोत्यापर्यंत, मग पुढच्या मजल्यांची. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर ती सीसी सापडते. कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा आणि विमानतळाच्या एनओसीतली उंची मागून घ्या. दोन्हींत जी मर्यादा आधी येते, तिथपर्यंतच आज कायद्यानं इमारत आहे.