जंग्यांचं घर

(पहाट. धुक्यातून वर येणारं छप्पर.)

गोव्यातला सत्तरी तालुका, म्हादई नदीचं खोरं. लांबून देऊळ वाटतं, जवळ गेलं की गढी. घरच्यांची एकच अट होती, गावाचं नाव घ्यायचं नाही.

पुढच्या भिंतीला खाली एकही खिडकी नाही. आहेत त्या जंग्या, बंदुकीच्या नेमाची भोकं. आतून रुंद, बाहेर बोटभर फट. आतल्याला डावी-उजवीकडे नेम धरता येतो, बाहेरच्याला नुसता चिरा दिसतो.

मोठ्या दरवाजाच्या पोटात दिंडी, छोटं दार. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि वाकलेल्याला तलवार उपसता येत नाही. मागे आडणा, दाराला लावायचा आडवा वासा. दिवसा तो भिंतीतल्या भोकात झोपतो, रात्री ओढून समोरच्या भिंतीत बसवायचा. हा आवाज ऐका.

(आडण्याची घरघर.)

भीती उगाच नव्हती. सावंतवाडीकर भोसले, मराठे, पोर्तुगीज, सगळ्यांच्या वाटा या मुलखातून जात. सत्तरी, डिचोली, पेडणे पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेडणे तर १७८८ मध्ये. म्हणून या ‘नव्या काबिजादी’, म्हणजे मागाहून जिंकलेला मुलूख. आणि २६ जानेवारी १८५२ ला सत्तरीच्या दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. पोर्तुगीज दफ्तरात ते बंड, आम्ही उठावच म्हणणार. तीन वर्षं तो धुमसत होता.

दिंडीतून आत आलं की मात्र घर एकदम मोकळं होतं. राजांगण, घराच्या मधलं उघडं अंगण. मधोमध तुळस, चारी बाजूंच्या छपराच्या नळ्यांवरून, म्हणजे कौलांवरून, पाणी इथंच पडतं आणि दगडी पन्हळीतून बाहेर जातं. विहीरही आतच, वेढा पडला तरी पाण्यासाठी दार उघडायला नको. भिंती जांभ्याच्या. खाणीतून निघताना चिरा मऊ असतो, कोयत्यानंही तासता येतो. वारा लागला की घट्ट होतो. त्यावर शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा. तो शाबूत असेतोवर पाऊस भिंतीला काही करत नाही. इथं गिलावा कुठं सुटलाय, ते दिसतंच आहे.

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनं मुलगे-मुली सारखे वाटेकरी झाले. न्याय्यच, पण शाकारणीच्या, म्हणजे छपराच्या डागडुजीच्या खर्चाला सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत.

माडीवर कॅमेरा नेला नाही, तिची फळ्यांची तक्तपोशी कुजली आहे. खाली देवखोलीत माटोळीची, गणपतीवर फळं-पानं टांगायची चौकट तेवढी नवी. चवथीला, गणेश चतुर्थीला सगळे येतात.

संध्याकाळी आडणा ओढायला दोघं लागतात. घरात एकच जण राहतो. आज आमच्या साउंडवाल्यानं हात दिला.

(दार. अंधार. पाऊस.)