नावापुढचा आकडा

[पडद्यावर: लाकडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली दोन जुनी पोस्टकार्डं.]

ही दोन पोस्टकार्डं नीट बघा. दोन्ही जुनी, दोन्ही सारखीच पिवळी पडलेली. अशाच पोस्टकार्डांच्या जोड्या लावून अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. विकणारा माणूस एकच. जोडीतलं एक कार्ड त्यानं 'ईबे' या इंटरनेटवरच्या लिलावाच्या जागी आपल्या नेहमीच्या नावानं लावलं. त्या नावापुढे कित्येक वर्षांचे चांगले शेरे साठलेले होते. दुसरं कार्डही त्यानंच लावलं, पण नव्यानं उघडलेल्या कोऱ्या नावानं. दोन्ही नावांमागे हात एकच आहे, हे गिऱ्हाइकाला कुठून कळणार?

मिशिगन विद्यापीठातले पॉल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रयोगाचा हिशेब छापला. जुन्या नावाला सरासरी ८.१ टक्के जास्त भाव मिळाला होता. माल तसाच, माणूस तोच. जास्तीचे पैसे आले ते नावापुढच्या आकड्याचे.

आपल्याकडे याला पत म्हणतात. 'बाजारात त्याची पत आहे' एवढं म्हटलं की पुढचं बोलायची गरज नसते. पण ती पत तोंडोतोंडी फिरते. चार माणसं ओळखीची लागतात, दोन पिढ्यांचा शेजार लागतो. इंटरनेटवर समोरच्याचं खरं नावही ठाऊक नसतं. तिथे पत कशी मोजायची? गेली जवळजवळ तीस वर्षं निरनिराळी माणसं हे मोजमाप करून बघतायत, आणि दर वेळी कुणीतरी त्यातून पळवाट काढतंय. आजची गोष्ट या पाठशिवणीची आहे.

[पडद्यावर: नव्वदच्या दशकातला जाड संगणक. करडं, साधं पान.]

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये पिएर ओमिड्यार या प्रोग्रामरनं कॅलिफोर्नियात 'ऑक्शनवेब' नावाची लिलावाची जागा सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंत खुद्द त्याचाच एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता. किंमत आली १४ डॉलर ८३ सेंट. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही.

पण लिलाव वाढले तशी भांडणंही वाढली. पैसे पाठवले, वस्तू आली नाही. वस्तू आली, पण फोटोतली नव्हे. या तक्रारी निवाड्यासाठी ओमिड्यारकडे यायच्या. १९९६ च्या फेब्रुवारीत त्यानं हे गाऱ्हाणं ऐकण्याचं काम सभासदांवरच सोपवलं. व्यवहार झाला की एकमेकांना शेरा द्या. चांगला असेल तर अधिक एक, वाईट असेल तर उणे एक, धड ना इकडे धड ना तिकडे असेल तर शून्य. बेरीज नावापुढे कंसात दिसेल. आणि ती उणे चारवर घसरली की खातं बंद.

इतका सोपा हिशेब. भोक पडलं ते 'एकमेकांना' या शब्दात. विक्रेता आपला शेरा राखून ठेवायचा. तू मला उणे दिलंस तर मीही तुला देणार, हे न बोलता कळायचं. मग नाराज गिऱ्हाईक काय करणार? गप्प बसणार. १९९९ मधल्या व्यवहारांचा अभ्यास झाला, तेव्हा जेमतेम निम्म्या गिऱ्हाइकांनी शेरा दिलेला आढळला. आणि दिलेल्यांपैकी ९९.१ टक्के शेरे चांगले होते! शंभरातले नव्याण्णव समाधानी गिऱ्हाईक कुठल्या दुकानात बघायला मिळतात? खरी नाराजी उरलेल्या निम्म्यांच्या मौनात दडलेली असावी, आणि मौनाची बेरीज करता येत नाही.

२००८ मध्ये ईबेनं नियमच बदलला: विक्रेत्यानं गिऱ्हाइकाला वाईट शेरा द्यायचा नाही. विक्रेते खवळले, काहींनी बहिष्कार पुकारला. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. आता त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकाची खूण कुठे करायची?

[पडद्यावर: हिरव्या पट्टीचं पान. प्रतिसादांची लांबलचक रांग.]

वस्तूंची देवघेव असते तिथे निदान पोस्टकार्ड हातात येतं. नुसत्या बोलण्याची पत कशी करायची? १९९७ मध्ये रॉब माल्डा या मिशिगनमधल्या कॉलेजातल्या पोरानं 'स्लॅशडॉट' सुरू केलं. संगणकवेड्यांचा अड्डा. थोड्याच दिवसांत एकेका बातमीखाली शेकडो प्रतिसाद पडू लागले, त्यांत रत्नंही होती आणि गाळही.

माल्डाची युक्ती मला आजही आवडते. त्यानं सगळ्यांच्या हाती कायमची छडी दिली नाही. नेहमी येणाऱ्या सभासदांपैकी काहींना अधूनमधून पाच गुण वाटायला मिळायचे. तीन दिवसांत वाटले नाहीत तर ते वाया जायचे. ज्या चर्चेत तुम्ही स्वतः बोललात, तिथे ते वापरायचे नाहीत. पंच आणि खेळाडू एकाच सामन्यात नकोत, इतकं साधं. प्रत्येक प्रतिसादाची किंमत उणे एक ते पाच, आणि गुण देताना कारणही निवडायचं: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, भडकाऊ, अवांतर. पंचांवर पुन्हा पंच होते. दिलेला गुण योग्य होता का, हे दुसरे सभासद तपासायचे.

या गुणांतून माणसाच्या नावावर जी शिल्लक जमायची, तिला त्यांनी नाव दिलं 'कर्म'. शब्द आपला, पण अर्थ तिकडे जाऊन हसरा झालाय. आपण कपाळाला हात लावून 'कर्म माझं!' म्हणतो, तेव्हा काही जमल्याचा आनंद नसतो. त्यांना म्हणायचं होतं ते पुण्य. गाठीला बांधलेलं, अडीअडचणीला उपयोगी पडणारं.

या पुण्याची एक अट मजेदार होती. 'विनोदी' म्हणून मिळालेल्या गुणानं प्रतिसाद वर जायचा, पण कर्मात भर पडायची नाही. नाहीतर जो तो कोट्या करत सुटला असता. तरी लोकांनी कर्माचा खेळ केलाच. आकडा वाढवण्यासाठी लिहिणं सुरू झालं. तेव्हा माल्डानं आधी आकड्याला पन्नासची मर्यादा घातली आणि पुढे आकडाच झाकून टाकला. त्याजागी शब्द आले: वाईट, बरं, चांगलं, उत्कृष्ट. उत्कृष्टच्या पुढे जायला जागाच नाही, मग शर्यत कसली?

अकरा वर्षांनी आलेल्या दोघांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी शर्यतच उघड्यावर मांडली.

[पडद्यावर: रात्रीचं ऑफिस. एकाच टेबलावर दिवा. संगणकावर लाल अक्षरांत चूक दाखवणारी ओळ.]

जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी १५ सप्टेंबर २००८ ला 'स्टॅक ओव्हरफ्लो' खुलं केलं. प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारा, उत्तरं द्या. पुण्या-बंगळुरूत कोड लिहून पोट भरणाऱ्या कुणालाही विचारा, रात्री अकराला अडलेलं काम इथल्या कुणा अनोळखी माणसाच्या चार ओळींनी सोडवलेलं असतं. ते फुकट उत्तर देणाऱ्याला काय मिळतं? गुण.

इथे प्रत्येक जण एक या आकड्यापासून सुरू करतो. उत्तर कुणाला आवडलं तर १० मिळतात. विचारणाऱ्यानं 'हेच माझं उत्तर' म्हणून खूण केली तर १५. कुणी नापसंतीचं मत दिलं तर २ जातात. आणि इथे एक गोम आहे: दुसऱ्याच्या उत्तराला नापसंती देणाऱ्याचाही १ गुण कापला जातो. म्हणजे कुणाला नावं ठेवायची तर स्वतःच्या खिशाला थोडी चाट सोसायची. हा नियम आपल्या सोसायटीच्या सभेत आणला तर सभा दहा मिनिटांत आटपेल.

या गुणांनी हक्क मिळतात. १५ झाले की पसंतीचं मत देता येतं. १२५ झाले की नापसंतीचं. २,००० झाले की दुसऱ्याचं लिखाण कुणाला न विचारता दुरुस्त करता येतं, ३,००० झाले की प्रश्न बंद करायला मत देता येतं. १०,००० वर पोचलात की इतरांना न दिसणाऱ्या, पुसून टाकलेल्या नोंदीही दिसू लागतात. चौकीदार मोजकेच. बाकीची साफसफाई, डागडुजी, भांडणं मिटवणं हे सगळं गुणवंतांकडून करून घेतलं जातं, तेही फुकट. आकडा हे बक्षीस वाटतं खरं, पण तो वाढेल तसं कामही वाढतं.

नवख्याला मात्र हा जिना चढताना दम लागतो. दुसऱ्याच्या नोंदीखाली टिप्पणी करायला ५० गुण लागतात, उत्तर लिहायला तेवढे लागत नाहीत. त्यामुळे ज्याला फक्त 'जरा स्पष्ट कराल का?' विचारायचंय, तो बिचारा ते उत्तराच्या चौकटीत लिहितो. मग जुनेजाणते त्याला झापतात आणि ती नोंद उडवतात.

आणि पळवाट? ती इथेही निघाली. प्रश्न पडल्या पडल्या जो पहिलं चालण्याजोगं उत्तर टाकेल, त्याला मतं जास्त मिळतात. अर्धा तास खपून नीट लिहिणारा येतो तोवर गर्दी पांगलेली असते. म्हणून लोक आधी दोन ओळी टाकून जागा धरतात आणि मग तिथेच भर घालत बसतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्याचीच ही जात. दुसरी गंमत अशी की अवघड प्रश्नाचं उत्तर समजणारे थोडे, त्यामुळे मतंही थोडी. 'गिट' हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन वापरताना आत्ताच केलेली नोंद मागे कशी घ्यायची, हा २००९ मधला प्रश्न सगळ्यांनाच कधी ना कधी पडतो. त्यावर हजारो मतं पडली आहेत, अजून पडतायत. असं एखादं जुनं उत्तर मुदत ठेवीसारखं असतं. तुम्ही झोपलेले असताना व्याज येत राहतं.

निव्वळ मतांतून दिवसाला जास्तीत जास्त २०० गुण मिळतात. ती भिंत रोजच्या रोज गाठणारा माणूस म्हणजे गूगलमधला इंजिनियर जॉन स्कीट. २०१८ मध्ये दहा लाखांचा आकडा सगळ्यात आधी ओलांडला तो त्यानं. त्याच्या नावानं विनोदांची रास पडली आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर अतिशयोक्ती करायला आवडणाऱ्यांचा तो भीमच.

मग २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एक दिवस उजाडला. प्रश्नाला मिळणाऱ्या पसंतीचे तोवर ५ गुण असत, ते १० झाले, आणि तेही मागच्या सगळ्या वर्षांसाठी. ज्यांनी भरपूर प्रश्न विचारले होते, ते एका रात्रीत श्रीमंत. त्यांनी त्या रात्री काहीही केलेलं नव्हतं.

[पडद्यावर: अंधारात एक बोट. बाण दाबला जातो. मग दुसरं बोट, तिसरं, दहावं.]

पण मत देणारा तरी स्वतःच्या डोक्यानं देतो का? लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला. बातम्यांवर चर्चा चालते अशा एका ठिकाणी पाच महिन्यांत १,०१,२८१ प्रतिसाद आले. त्यांतल्या काहींना येताक्षणी एक खोटं पसंतीचं मत देण्यात आलं. फक्त एक. पुढच्या वाचकानं पसंती देण्याची शक्यता त्यानं ३२ टक्क्यांनी वाढली, आणि प्रतिसादाला शेवटी मिळणाऱ्या गुणांची सरासरी २५ टक्क्यांनी वर गेली. उलट, खोटी नापसंती दिली तर लोक ती भरून काढत. वाईट बोललेलं आपण पडताळून बघतो, चांगलं बोललेलं तसंच पुढे ढकलतो.

एका खोट्या मताची ही ताकद असेल, तर दुसरं खातं उघडून स्वतःलाच ते मत कोण देणार नाही? मराठी आंतरजालावर अशा खात्याला 'डुआयडी' म्हणतात, म्हणजे डुप्लिकेट आयडी. हा शब्द इथे अनेकांना भांडणांतूनच पहिल्यांदा कळतो. 'हा अमक्याचाच डुआयडी' हा आरोप तर आपल्याकडे वादाचा शेवटचा हुकमी पत्ता. यावर 'रेडिट' या चर्चेच्या संकेतस्थळानं वेगळाच उपाय काढला. तिथे दिसणारा मतांचा आकडा मुद्दाम थोडासा हलता ठेवतात. पान पुन्हा उघडलं की तो एकदोनानं इकडेतिकडे होतो. आपलं खोटं मत धरलं गेलं की गेलं वाऱ्यावर, हे लबाडाला कळू नये म्हणून. चोराला चकवण्यासाठी तराजूच थोडा डुगडुगता ठेवायचा!

[पडद्यावर: आपोआप भराभर उमटणारी अक्षरं.]

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं. आठवडाभरातच, ५ डिसेंबरला, स्टॅक ओव्हरफ्लोनं यंत्राकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. त्या उत्तरांत चुका बऱ्याच होत्या, पण दिसायला ती झकास होती: स्वच्छ भाषा, ठाम सूर, मुद्देसूद मांडणी. आतापर्यंत नीटनेटकं लिहायला कष्ट पडायचे, म्हणून नीटनेटकेपणाला मत देणं बहुतेक वेळा बरोबर ठरायचं. आता तो नीटनेटकेपणा फुकटात मिळू लागला, आणि तपासणारे हात होते तेवढेच राहिले.

२०२४ च्या मे महिन्यात याच स्टॅक ओव्हरफ्लोनं, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार जाहीर केला. इतक्या वर्षांची उत्तरं आता यंत्राला उपयोगी पडणार होती. काही जुन्या सभासदांचं डोकं फिरलं. आपण लोकांसाठी लिहिलेलं परस्पर दुसऱ्याला देणारे हे कोण? त्यांनी आपली गाजलेली उत्तरं पुसायला घेतली, काहींनी मजकूर काढून त्याजागी निषेधाच्या ओळी लिहिल्या. पण लिहिताना प्रत्येकानं ते मुक्त परवान्याखाली, म्हणजे लेखकाचं नाव देऊन कुणीही वापरावं अशा बोलीवर, दिलेलं होतं. चौकीदारांनी उत्तरं पूर्ववत केली आणि अशा काही सभासदांची खाती काही दिवसांसाठी गोठवली.

खातं गोठवलं की तिथे एक पद्धत आहे. ठरलेली मुदत संपेपर्यंत नावापुढचे हजारो गुण दिसेनासे होतात. त्यांची उत्तरं जागेवर असतात, लोक ती वाचत असतात, पसंतीही देत असतात.

[पडद्यावर: सभासदाचं पान. आकडा झरझर खाली येतो आणि थांबतो.]

आणि नावापुढे उरतो तो आकडा, ज्याच्यापासून तिथे प्रत्येक जण सुरुवात करतो. एक.