पिवळ्या हाताचं मनगट

(दृश्य : वाळूज एमआयडीसी, सकाळची पाळी. वेल्डिंग सेलमध्ये ठिणग्या.)

हा पिवळा हात म्हणजे जपानी रोबोट. दुचाकीच्या चेसिसचा ब्रॅकेट जोडतो आणि लगेच दुसऱ्या फिक्श्चरकडे, म्हणजे भाग पकडून ठेवणाऱ्या साच्याकडे, वळतो. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारी अशी कितीतरी वर्कशॉप उभी राहिली.

जपान म्हणजे रोबोट, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्यांच्या डोळ्यांसमोर असतो चालणारा, हात हलवणारा यंत्रमानव. होंडाचा असिमो २००० साली आला आणि २०२२ मध्ये शेवटचा कार्यक्रम करून निवृत्त झाला. २०११ मध्ये अपघातानंतर फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या इमारतींत पहिल्यांदा शिरले ते अमेरिकी पॅकबॉट रोबोट, एप्रिलमध्ये. जपानचा क्विन्स आत गेला जूनमध्ये.

कारखान्यातला पहिला रोबोटही अमेरिकेचाच. युनिमेट, १९६१, न्यू जर्सीत जनरल मोटर्सकडे. कावासाकीने त्याचं तंत्रज्ञान परवान्यावर घेतलं आणि १९६९ मध्ये जपानमध्ये तो बनवला.

तरीही जपानचा लौकिक खरा आहे, असं आम्ही ठामपणे म्हणतो. तो पाहायचा तर हे मनगट उघडायला हवं.

(दृश्य : बेंचवर खोललेला गिअर. जवळून.)

ग्रीस पुसलं की स्टीलची पातळ वाटी दिसते. बोटांनी दाबली तर किंचित दबते. तिला बाहेरून दात आहेत, आणि ती ज्या कड्यात बसते त्याला तिच्यापेक्षा दोन दात जास्त. आत लंबगोल तुकडा फिरतो, वाटीला ताणत नेतो. मोटरच्या एका फेऱ्यात वाटी सरकते फक्त दोन दात. वाटीला दोनशे दात असतील, तर मोटर शंभरदा फिरेल तेव्हा मनगट एकदा फिरेल. फिटर ज्याला ‘प्ले’ म्हणतात, म्हणजे दातांमधली ढिलाई, तो इथे जवळपास नसतोच. म्हणून तर हाताच्या टोकाची वेल्डिंग टॉर्च दर वेळी त्याच जागी येते. कल्पना अमेरिकी संशोधकाची, १९५०च्या दशकातली. पण हीच वाटी वर्षानुवर्षं, लाखोंच्या संख्येनं, न तडकणारी बनवायची, ही कामगिरी जपानची.

(दृश्य : टीच पेंडंट हातात घेतलेला मुलगा.)

हा लातूरच्या आयटीआयमधून आलाय. पेंडंट म्हणजे रोबोटला हालचाली शिकवायचं हातातलं यंत्र. त्याच्या मागची कळ अर्धीच दाबून धरायची. सुटली तर हात थांबतो, घाबरून घट्ट आवळली तरी थांबतो. टॉर्च बिंदूवर आणायची, बिंदू नोंदवायचा, मग पुढचा. असं शिकवताना हाताचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. आमच्या मराठवाड्यातल्या प्रत्येक आयटीआयच्या पोराला हा पेंडंट हाताळायला मिळाला पाहिजे. आणि हा गिअरही खोलायला मिळाला पाहिजे.

हाताने वेल्डिंग करणारे काही जण आता फिक्श्चरवर माल चढवतात, काही गावी परतले.

रोबोट बसवण्यात मात्र जपान मागे पडलाय. २०२३ मध्ये जगभरात ५ लाख ४१ हजार औद्योगिक रोबोट बसले. त्यातले निम्म्याहून जास्त चीनमध्ये, जपानमध्ये सुमारे ४६ हजार, भारतात साडेआठ हजार. गिअरही चीन स्वतः बनवू लागलाय.

(दृश्य : ऑफिस. टेबलावर दरपत्रकं.)

दुसऱ्या सेलसाठी मालकांनी चिनी कंपनीचंही कोटेशन मागवलंय. किंमत कमी आहे. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न केला : मनगटात गिअर कुणाचा?