सात वादक, एक निवेदक आणि नाचणारी राजकन्या

नमस्कार श्रोतेहो.

रंगमंचावर मोजके वादक, कडेला एक निवेदक, मागच्या पडद्यावर चित्रं आणि पुढे मोकळ्या जागेत नर्तिका. आज बोलायचं आहे ते अशा मैफलीबद्दल. चेंबर म्युझिक म्हणजे दोघा-तिघांपासून आठ-नऊ जणांपर्यंतचं संगीत. प्रत्येकाची सुरावट वेगळी, आणि बहुतेक वेळा समोर संचालकही नसतो. वादक एकमेकांच्या श्वासावर आणि गजाच्या हालचालीवर चालतात. त्यात शब्द, चित्र आणि नाच आले की सांभाळायच्या गोष्टी एकदम चौपट होतात. म्हणून एक सूत्र आधीच सांगून ठेवते: एका वेळी पुढे एकच कला. बाकीच्यांनी तेवढा वेळ मागे सरायचं.

हे समजून घ्यायला १९१८ सालच्या स्वित्झर्लंडइतकी चांगली जागा नाही. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. रशियन संगीतकार इगोर स्त्राविन्स्की तिथे राहत होते. क्रांतीमुळे रशियातलं उत्पन्न गेलेलं, युद्धामुळे बॅलेची कामं थांबलेली. मोठा वाद्यवृंद परवडण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा त्यांनी आणि स्विस लेखक रामू यांनी ठरवलं, की थोडक्या माणसांत, थोडक्या सामानात गावोगाव नेता येईल असा खेळ करायचा. रशियन लोककथेतून तो उभा राहिला. नाव साधं, ‘सैनिकाची गोष्ट’. शिपाई रजेवर गावी निघालाय, पिशवीत व्हायोलिन आहे. वाटेत सैतान भेटतो. म्हणतो, व्हायोलिन दे आणि हे पुस्तक घे, यात उद्याचं आज लिहिलेलं असतं. शिपाई तीन दिवस त्याचा पाहुणचार घेतो आणि गावी पोचतो, तर तीन वर्षं उलटून गेलेली!

वादक सातच, पण निवड बघा. प्रत्येक जातीतलं एक चढ्या आवाजाचं वाद्य, एक खालच्या. तंतुवाद्यांत व्हायोलिन आणि डबल बास. लाकडी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांत क्लॅरिनेट आणि बासून. पितळी वाद्यांत कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन. आणि सगळे ड्रम, झांजा, ट्रायँगल म्हणजे धातूचा त्रिकोण, हे सांभाळायला एकच माणूस. ही तालवाद्यं स्त्राविन्स्कींनी लोझान या स्विस शहरातल्या दुकानातून स्वतः आणली आणि लिहिता लिहिता वाजवायला शिकले. एका माणसाचा हात कुठून कुठे पोचेल, हे त्यांनी हाताने तपासलं होतं.

मांडणी अशी: मधे छोटा मंच, एका बाजूला वादक, दुसऱ्या बाजूला निवेदक. नेपथ्य आणि कपडे रने ओबेरजोनुआ या चित्रकाराचे. म्हणजे शब्द, चित्र, नाच आणि संगीत, चारही एका नजरेत. वादक मंचापुढच्या खड्ड्यात लपवलेले नव्हते, कारण वाजवणाऱ्याची हालचाल दिसल्याशिवाय संगीत पुरतं कळत नाही, असं स्त्राविन्स्कींचं ठाम मत होतं. मला ते मनापासून पटतं. डोळे मिटून मान डोलावणं हीच खरी रसिकता, ही समजूत सोडायला हवी. गज तारेवर टेकण्याआधीचा क्षण डोळ्यांनी पाहिला, की पुढचा सूर दुप्पट ऐकू येतो. असो.

२८ सप्टेंबर १९१८ ला लोझानमध्ये पहिला प्रयोग झाला. संचालन एर्नेस्त आन्सेर्मे यांचं. पैसे विंटरथूर या स्विस शहरातल्या वेर्नर राइनहार्ट यांनी दिले होते. ते हौशी क्लॅरिनेटवादक, म्हणून स्त्राविन्स्कींनी नंतर त्यांच्यासाठी एकट्या क्लॅरिनेटच्या तीन रचना लिहिल्या. प्रयोग झाला, आता दौरा निघायचा. आणि स्पॅनिश फ्लूची साथ आली. मंडळी एकापाठोपाठ एक अंथरुणाला खिळली आणि दौरा रद्द झाला. गावोगाव नेण्यासाठी रचलेला खेळ एका प्रयोगानंतर थांबला.

पण त्या रचनेत काय काय सोडवून ठेवलंय, ते ऐका. सुरुवातीला शिपाई चालतोय. वरच्या वाद्यांच्या मात्रा सारख्या बदलतात, कधी दोन, कधी तीन. पण खाली डबल बास डावा-उजवा, डावा-उजवा सोडत नाही. निवेदक याच चालीवर बोलतो. मात्रा मोजत बसला तर चुकतो, बास धरला तर चुकत नाही. नर्तकांनाही हेच सांगावं: असा एक खालचा आवाज शोधा आणि पाय त्याच्यावर ठेवा. पुढे आजारी राजकन्या व्हायोलिन ऐकून उठते आणि नाचते, आधी टँगो, मग वॉल्ट्झ, मग रॅगटाइम. तिन्ही नाचांत निवेदक गप्प. राजकन्या नाचत असताना तो सांगत नाही, की ती नाचते आहे. एका वेळी एकच, ते हे.

आता आपली मैफल बसवताना काय बिघडतं, ते बघू.

सगळ्यात आधी बिघडतो निवेदकाचा आवाज. व्हायोलिन, चेलो माइकशिवाय वाजतायत आणि निवेदक मात्र मोठ्या स्पीकरमधून, मग तो दुसऱ्याच खोलीतून बोलतोय असं वाटतं. त्याचा छोटा स्पीकर त्याच्याजवळच ठेवा आणि आवाज वादक मध्यम जोरात वाजवतात तेवढाच. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर-एकशे दहा शब्द, त्याहून जास्त नको. संगीतावर बोलायचं असेल तर खाली लांब, हळू सूर हवेत. वर व्हायोलिन द्रुत वाजत असेल तर व्यंजनं त्यात बुडतात. आणि निवेदक मागे पडला तर वादकांना पुन्हा पुन्हा वाजवत राहता येतील अशा दोन मात्रा आधीच ठरवून ठेवा. तो ठरलेला शब्द उच्चारेल, तेव्हाच पुढे जायचं.

दुसरी गोष्ट चित्रांची. स्लाइड बदलणाऱ्याला नोटेशन वाचता आलं पाहिजे, नाहीतर वाचणारा शेजारी बसवा. घड्याळावर स्लाइड बदलू नका. प्रत्यक्ष वाजणारी लय रोज दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होते, आणि चौथ्या चित्रापर्यंत सगळं घसरतं. प्रत्येक चित्रापुढे नोटेशनमधल्या त्या जागेचा आकडा लिहा. बदल तीन-चार सेकंदांत विरघळणारा हवा. फिरत, उड्या मारत येणारी चित्रं कृपा करून वापरू नका, नाच करायला माणूस समोर उभा आहे. आणि नाच चालू असताना पडदा काळा ठेवा. नुसता प्रोजेक्टर झाकू नका, काळी स्लाइडच घाला, म्हणजे पुढचं चित्र हळूच आणता येतं.

नर्तिकेवर समोरून प्रकाश टाकला की तोच पडद्यावर पडतो आणि चित्र धुऊन निघतं. दिवे विंगेतून, आडवे लावा. वादकांच्या स्टँडवरचे दिवे खाली वाकवलेले हवेत. जमिनीकडेही बघा. व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेची पूड वादकांच्या पायाशी पडते, तिथे नर्तिकेचा पाय अडखळतो. नाचाची जागा आणि पहिली खुर्ची यांत किमान दीड मीटर सोडा आणि प्रत्येक तालमीनंतर फरशी ओल्या फडक्याने पुसा. चेलोची टोकदार टेकण फळीत रुतलेली असेल, तर उडी मारताच ती फळी हलते आणि चेलोचा सूरही थरथरतो. म्हणून चेलोखाली वेगळी पाटी ठेवा.

तालमी चार तरी हव्यात. पहिली नुसतं संगीत आणि निवेदन. दुसरी संगीत आणि नाच. रेकॉर्डिंगवर नाच बसवून शेवटच्या दिवशी वादकांपुढे आणणं ही सर्रास होणारी चूक आहे, कारण जिवंत वादक श्वास घेतात आणि रेकॉर्डिंगपेक्षा एक क्षण थांबतात. तिसऱ्या तालमीत फक्त बदलांच्या जागा जोडायच्या, मधलं सगळं गाळून. चौथी रंगीत तालीम, कपडे आणि दिव्यांसह. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, ते त्याच दिवशी कळतं. तारा जुळवायला कुठे थांबायचं, तेही तेव्हाच ठरवा.

एक जागा राहिली, शेवट. सैनिकाच्या गोष्टीत सैतान जिंकतो. व्हायोलिन हळूहळू गळून पडतं, मग उरतात फक्त ड्रम, आणि तेही एकटेच वाजत थांबतात. दिवे सांभाळणाऱ्याला एवढंच सांगा: शेवटच्या ठोक्यावर पडदा आणि मंच एकदम काळे, मग मनात सावकाश पाच मोजायचे, आणि मगच वादकांवर उजेड आणायचा.