शिरोड्याचं मीठ, इम्फाळचं हरिकेन

(दृश्य: मिठागरावर सकाळचं ऊन. मग अगदी जवळून एक खलबत्ता. आवाज फक्त कुटण्याचा.)

शिरोड्याचं मीठ म्हटलं की १९३०चा सत्याग्रह आठवतो. आम्हीही इथे मिठासाठीच आलोय, पण कारण जरा वेगळं आहे. वेंगुर्ल्याकडच्या या गावात, एका चिरेबंदी घराच्या पडवीत, एक गृहस्थ खडा मीठ कुटत बसलेत. हे मीठ आमटीत जाणार नाही. ते विमानावर पडणार आहे.

गृहस्थांचा धंदा रंगकामाचा. होड्यांवरची नावं, दुकानांच्या पाट्या, मोटारसायकलचे नंबर. गावात सगळे त्यांना पेंटर म्हणतात. आपणही तेच म्हणू.

(दृश्य: टेबलावर चंदेरी रंगातलं विमान. शेजारी मापाला माचिसची पेटी.)

विमान आहे हॉकर हरिकेन. खऱ्याच्या पंखांचा पसारा ४० फूट. हे प्रतिरूप १/४८ प्रमाणातलं, म्हणजे बरोबर १० इंच. १९३५ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान १९४४पर्यंत जुनं झालं होतं. युरोपात त्याची जागा नव्या विमानांनी घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांविरुद्धच्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मात्र ते राबत होतं. भारतीय हवाई दलाचं एक नंबरचं स्क्वाड्रन इम्फाळच्या वेढ्यात हीच विमानं घेऊन लढलं. प्रमुख होते अर्जन सिंग, वय जेमतेम पंचविशीचं. त्यांना तिथेच डीएफसी, म्हणजे डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं आणि पुढे ते हवाई दलाचे मार्शल झाले. पेंटरना त्याच स्क्वाड्रनचं विमान करायचंय.

जोडणीबद्दल फार बोलत नाही. भाग कापा, चिकटवा, फटीत लांबी, म्हणजे पुटी, भरा, पॉलिश पेपर मारा. पेंटरच्या हाताला हे सवयीचंच. खरा खेळ रंगानंतरचा. नवंकोरं विमान वापरून वापरून जुनं झालेलं दिसायला हवं.

त्यांच्या आईला हे कधीच पटलं नाही. आतून आवाज येतो, "नवी वस्तू आणून तिची अशी दशा कित्याक करतंस रे?"

(दृश्य: घराची खिडकी. गंजलेले गज, पोपडे सुटलेला रंग. मग किनाऱ्यावर उलटी ठेवलेली होडी.)

प्रश्न रास्त आहे. खाऱ्या वाऱ्याला तोंड देता देता इथल्या माणसाचं अर्धं आयुष्य खर्ची पडतं. गज गंजतात, बिजागऱ्या गंजतात, सायकलची साखळी दोन पावसाळ्यांत जाते. म्हणूनच असेल, पेंटरनी पहिल्या विमानावर सगळीकडे तांबडा गंज रंगवला होता. ते आजही फळीवर आहे. आता त्याच्याकडे बघून ते स्वतःच हसतात.

"आमच्याकडे सगळाच गंजता," ते म्हणतात, "पण ह्या गंजणा नाय. ॲल्युमिनियम आसा."

ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. रंग उडाला की खालून चकचकीत धातू दिसतो, मग तो राखाडी, निस्तेज होतो. लोखंडाचं हे दुखणं या पत्र्याला लागत नाही.

आता मीठ. आधी पूर्ण विमानाला चंदेरी रंग आणि त्यावर पारदर्शक वॉर्निशचा हात. मग जिथला रंग उडालेला दाखवायचा तिथे ब्रशनं पाण्याचा ओलावा, आणि वर चिमटीनं मीठ. सुकलं की वरून एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या झोतानं रंग फवारणाऱ्या पेनानं, हिरवा आणि मातकट तपकिरी. तो वाळला की कडक ब्रशनं मीठ झाडायचं. कणी निघते, तिच्याबरोबर वरचा रंग निघतो, खालची चांदी उघडी पडते. तिची कड वाकडीतिकडी, खऱ्या पोपड्यासारखी येते. हातानं कितीही टिंबं काढली तरी तशी कड साधत नाही. हात नकळत नक्षी काढायला लागतो.

पण कुटायचं कशाला? हिशेब सोपा आहे. १/४८ला मिठाची एक मिलिमीटरची कणी म्हणजे खऱ्या विमानावर जवळपास पाच सेंटिमीटरचा पोपडा. खडा मीठ तसंच टाकलं तर विमानाला देवी आल्यासारखं दिसेल. म्हणून खलबत्ता, आणि वर मलमलीच्या फडक्यातून चाळणं.

(दृश्य: पेंटरचं बोट पंखाच्या मुळाशी थांबतं.)

मीठ कुठे पडणार, हे मात्र विमान ठरवतं. वैमानिक डाव्या बाजूनं पंखावर चढायचा, मेकॅनिकचे बूटही तिथेच घासायचे. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी जास्त. तोफांवरची झाकणं रोज उघडायची, त्यांच्या कडांना थोडं. इंजिनावरच्या पत्र्यांना थोडं. आणि कॉकपिटच्या मागे? तिथे एक कणीही नाही. हरिकेनचा मागचा धड पत्र्याचा नव्हताच. नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वर ताणून बसवलेलं कापड. कापडाखालून चांदी कुठून चमकणार? भली भली प्रतिरूपं इथे फसतात. माझ्या डोळ्यांना आधी हा फरक दिसलाच नव्हता. पेंटरनी दाखवल्यावर मात्र दुसरं काही दिसेना.

बाकीचं भराभर. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन धुराडी, त्यांच्यामागे काजळीचा पट्टा. मध्ये गडद, मागे जाताना करडा. पंखाखाली तोफांमागे धुराचे ओघळ. पत्र्यांच्या सांध्यांत टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग. काळा नाही, काळ्यानं विमान चित्रातल्यासारखं दिसतं. विमान कुणाचं ते ओळखू यावं म्हणून रंगवलेल्या गोलांत लाल रंगच नाही, फक्त निळ्याच्या दोन छटा. जपान्यांचं चिन्ह लाल गोल होतं, आणि घाईत आपल्याच माणसानं गोळी झाडू नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल काढून टाकला होता.

चाकांना माती लागते ती परसातल्या जांभ्याची. चिरा घासून भुकटी, आणि फार तांबडी दिसू नये म्हणून चिमूटभर चुलीची राख. एवढ्याशा विमानावर खरा रंग नेहमी जास्त भडक दिसतो, तो फिका करावाच लागतो.

(दृश्य: ढग. माडांच्या झावळ्या हलतात. लाकडी कपाटात पिवळा बल्ब.)

हे सगळं पाऊस लागायच्या आत उरकायला हवं. जूनमध्ये मिठाला पाणी सुटतं, कणी विरघळते, पोपड्यांची जागा डाग घेतात. शेवटचा वॉर्निशचा हात तर त्याहून नाजूक. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि वॉर्निशवर दुधाची साय धरते. मागच्या श्रावणात एका विमानाचा पंख असाच पांढरा झाला. तेव्हापासून कपाटात साठ वॅटचा बल्ब रात्रंदिवस जळतो. विमानाच्या शेजारीच पापडाचा डबा आहे. तो आईनं ठेवलाय, परवानगी न विचारता.

(दृश्य: ब्रश फिरतो. मिठाची पूड टेबलावर पडते. डाव्या पंखाच्या मुळाशी चांदी उघडी पडते.)

मीठ झाडून झालं. पेंटर विमान हातात घेऊन दिव्याखाली फिरवतात. एका पंखाकडे बघतात, मग दुसऱ्याकडे. उजव्या बाजूला थोडं आणखी हवं, असं त्यांना वाटतंय. कोरा ब्रश पाण्यात बुडतो. चिमूट मिठाकडे जाते.

"पुरे आता," आतून हाक येते. "जेवूक ये. आनि माझो खलबत्तो धुवन ठेव."

चिमूट सुटते. मीठ परत वाटीत.