कांचनमाला आणि न दिसणारी भिंत

(दृश्य: नागपूर, संविधान चौक. सकाळची वर्दळ, मागे रिझर्व्ह बँकेची इमारत.)

या चौकाला जुने नागपूरकर अजूनही रिझर्व्ह बँक चौकच म्हणतात. याच बँकेत नोकरी करणाऱ्या कांचनमाला पांडेनं डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं. २०० मीटर वैयक्तिक मिडले, एस-११ गट. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ती मूळची अमरावतीची, म्हणजे पदकावर सगळ्या विदर्भाचाच हक्क.

एस-११ हा अंध खेळाडूंचा गट. कुणाला किंचित उजेड जाणवत असेल तर त्याचाही फायदा मिळू नये, म्हणून सगळ्यांच्या गॉगलच्या काचा काळ्या केलेल्या असतात.

(दृश्य: पाण्याखालून. लेनची दोरी, वेगानं जवळ येणारी भिंत.)

आता शर्यत. आधी बटरफ्लाय, मग बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि शेवटी फ्रीस्टाइल. प्रत्येकी ५० मीटर. बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकदम, पूर्ण ताकदीनं पुढे फेकायचे असतात. आणि समोर भिंत. वेग कमी केला तर शर्यत हातची जाते. नाही केला, तर बोटं, मनगट, डोकं त्या भिंतीवर आदळतं.

म्हणून तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा असतो. त्याला टॅपर म्हणतात. हातात लांब काठी, तिच्या टोकाला मऊ गोळा. भिंत जवळ आली की तो काठी खाली नेतो आणि पोहणाऱ्याच्या अंगाला टेकवतो. घाई झाली तर शेवटचे हात चाचपडत मारावे लागतात. उशीर झाला तर इजा. अर्ध्या क्षणाचा हा खेळ आहे, आणि तो काठावरच्या माणसाला पोहणाऱ्याइतकाच चोख यावा लागतो.

बॅकस्ट्रोकला डोळस खेळाडू भिंतीच्या पाच मीटर आधी, डोक्यावर टांगलेली झेंड्यांची माळ बघतात आणि तिथून हात मोजतात. कांचनमालाला हा हिशेब मनातच ठेवावा लागतो, तोही दमछाक होत असताना. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे, आपलं नागपूर जेमतेम तीनशेवर. तिथल्या विरळ हवेत शेवटचे पन्नास मीटर छाती फोडतात.

ही स्पर्धा खरं तर सप्टेंबरअखेर व्हायची होती. १९ सप्टेंबरला मेक्सिकोत भूकंप झाला आणि ती डिसेंबरवर गेली. काही देशांनी मग संघच पाठवले नाहीत. यावरून या पदकाचं मोल कमी करू पाहणाऱ्यांना एवढंच सांगते: शर्यत पाण्यात उतरलेल्यांशीच होते.

(दृश्य: बर्लिन, जुलै २०१७. वर्तमानपत्रांची कात्रणं.)

देशाला कांचनमालाचं नाव कळलं ते मात्र त्याआधी, आणि दुःखद कारणानं. बर्लिनच्या स्पर्धेत मंजूर झालेला पैसा खेळाडूंपर्यंत वेळेत पोहोचलाच नाही. परक्या शहरात तिला उसनवारी करावी लागली. तशातही तिनं रौप्य जिंकलं आणि जागतिक स्पर्धेची पात्रता मिळवली. पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण जलतरणातलंच, आपल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला मिळवलेलं. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी एका जलतरणपटूवर ही वेळ यावी, याचा राग आजही जात नाही.

(दृश्य: नागपुरातला तलाव, उन्हाळी शिबिर.)

मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकला की आपल्याकडच्या तलावांवर मुलांची झुंबड उडते. त्यात एखादं अंध मूल आलं तर "याला कसं शिकवायचं?" असं म्हणून त्याला परत पाठवू नका. हलक्या नळीच्या टोकाला स्पंज घट्ट बांधला की सरावापुरती काठी तयार होते. ती धरायला प्रशिक्षकानं शिकावं, आईवडिलांनी शिकावं, मोठ्या भावंडांनीही शिकावं. सुरुवात उथळ पाण्यात, सावकाश. भिंत किती हातांवर येते हे मूल स्वतः मोजू लागलं की मग वेग वाढवायचा.