मांजऱ्या, ॲसिड आणि जमिनीखालची उष्णता

नमस्कार मंडळी! लातूर, बीड, जालना, जिथं कुठं ऐकत असाल तिथं बोअरच्या गाडीजवळ कधीतरी उभे राहिलाच असाल. आधी मुरूम, मग काळा कातळ, मधेच लाल बोळ (लाल मातीसारखा थर), आन् मग मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकांचा कातळ. त्या मांजऱ्याच्या भोकांत पांढरं काहीतरी भरलेलं असतं बघा, त्यावर संडास साफ करायच्या ॲसिडचा थेंब टाकला (हाताला लागू देऊ नका बरं) आन् ते कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचं खनिज असलं तर फस्सकन फेस येतो, दगड विरघळायला लागतो. झिओलाइट नावाचं दुसरं खनिज असलं तर असा फेस येत नाही.

तर आजचा विषय हाच, दगडातली असली खनिजं विरघळवून जमिनीखालची उष्णता वापरायची. जमिनीच्या उष्णतेवर वीज करायची तर खालचा दगड तापलेला पाहिजे आन् त्यातून पाणीही खेळलं पाहिजे. ज्वालामुखीच्या भागात उष्णता भरपूर, पण भेगा बऱ्याचदा असल्याच खनिजांनी बुजलेल्या, मग विहीर कितीही गरम असली तरी वाफ पुरेशी येत नाही.

एक उपाय म्हणजे दाबानं पाणी घुसवायचं. स्वित्झर्लंडच्या बाझेलला २००६ साली ते करताना ३.४ चा भूकंपाचा धक्का बसला, पुढं प्रकल्पच गुंडाळला. दक्षिण कोरियात पोहांगला तर असल्याच कामापायी २०१७ मध्ये ५.४ चा भूकंप झाला. ज्यांनी १९९३ ची किल्लारी बघितलीय त्यांना मी काय सांगावं.

दुसरा उपाय केमिकलचा. हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडतात, झिओलाइटसारखं सिलिकेट जातीचं खनिज असलं तर त्यात हायड्रोफ्लोरिक, ते तर लई जहाल. पण गरम दगडात ॲसिड विहिरीच्या आसपासच खर्ची पडतं, लांबच्या भेगांपर्यंत पोचत नाही, वर लोखंडी केसिंग खातं ते वेगळंच. म्हणून जपानच्या तोहोकू विद्यापीठातले लोक चिलेटिंग एजंट वापरून बघतायत, ही रसायनं खनिजातलं कॅल्शियम, लोह धरून बाहेर ओढतात, दमानं काम करतात त्यामुळं आतपर्यंत जातात. त्यातलं जीएलडीए अजिनोमोटोपासून बनवतात, हो, चायनीजच्या गाड्यावरचं तेच! आन् वापरून झालं की जंतू त्याचं विघटनही करतात. मला तरी हा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो.

मग आपल्याकडं का नाही? आपला कातळही ज्वालामुखीचाच, पण साडेसहा कोटी वर्षांचा, त्याची स्वतःची ऊब कधीच गेली. किल्लारीच्या भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये तो ३३८ मीटरवरच संपला, खाली जरासा गाळ आन् मग ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. किनवटकडं उनकेश्वरला गरम झरे आहेत, तिथं आधी खोल बोअर घेऊन तापमान मोजू द्या, ॲसिडचे टँकर मागवायची घाई कशाला.